एका बांधातल्या तीन जमिनी

नेवासे तालुक्यात, मुळा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात आमचा साडेपाच एकरांचा सलग पट्टा आहे. सातबाऱ्यावर तो एकच गट आहे, कारखान्याच्या ऊस नोंदीत तो एकच प्लॉट आहे आणि खताचा हिशेबही आमच्याकडे वर्षानुवर्षे ‘एकरी इतक्या गोण्या’ असाच होत आला. शेतात उभे राहिले की मात्र हे एकपण टिकत नाही. कालव्याच्या चारीच्या (लहान पाटाच्या) बाजूला जमीन मुरमाड व करड्या रंगाची आहे, मध्यावर ती मध्यम काळी होते आणि ओढ्याकडे उतरत गेलो की भारी काळी, चिकट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन लागते. वरच्या बाजूचा ऊस आखूड कांड्यांचा, मधला भरदार आणि ओढ्याकडचा पावसाळ्यानंतर पिवळा पडून बसलेला, हे चित्र आम्ही इतकी वर्षे पाहत आलो की ते जमिनीचे नव्हे तर नशिबाचे आहे असेच घरात सगळ्यांना वाटू लागले होते.

माती परीक्षण आमच्याकडे झालेच नव्हते असे नाही. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून सुरू झाली आणि पुढे आमच्या गावातही पत्रिकांचे वाटप झाले. सामू (आम्ल-विम्लता), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन असे बारा घटक त्या पत्रिकेवर असतात. आमच्या पत्रिकेवर नत्र कमी, स्फुरद मध्यम आणि पालाश अत्यंत जास्त असे लिहिलेले होते. तिचा आधार समजून घेतला तेव्हा लक्षात आले की या योजनेत बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरांच्या चौकटीमागे एक आणि जिरायतीत दहा हेक्टरांमागे एक नमुना घेतला जातो. अडीच हेक्टर म्हणजे सव्वासहा एकर. त्या चौकटीत आमचा बहुतेक पट्टा आणि शेजाऱ्याच्या जमिनीचा काही भाग एकत्र आला होता. गावाच्या पातळीवर कुठल्या घटकाची कमतरता आहे हे कळायला ही पद्धत उपयोगी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण मुरमाड, मध्यम आणि भारी अशा तीन जमिनींची माती एकत्र कालवून निघालेला स्फुरदाचा ‘मध्यम’ हा शेरा त्या तिघींपैकी फार तर मधल्या एकीलाच लागू होता, आणि त्यावरून टाकलेले खत कुठे अपुरे तर कुठे वाया जाणार होते.

म्हणून एका वर्षी खरिपाचे सोयाबीन निघाल्यावर आणि सुरू उसाची (हिवाळ्यात लावायच्या उसाची) लागण करण्याआधी, पट्ट्याचे भाग पाडून प्रत्येकाची माती वेगळी तपासायची आणि प्रत्येकाला त्याच्या अहवालाप्रमाणे खत द्यायचे असे मी ठरवले. परदेशातील शेकडो एकरांच्या शेतांवर हे काम उपग्रहाच्या मार्गदर्शनाने चालणारी, जागेगणिक खताचे प्रमाण आपोआप बदलणारी यंत्रे करतात. साडेपाच एकरांसाठी तसल्या यंत्राचा विचारही परवडणारा नाही. पण प्रमाण बदलणे हा मुद्दा असेल, तर ते हाताने, डब्याने आणि ठिबकच्या व्हॉल्व्हनेही बदलता येते, ही माझी समजूत होती आणि ती पुढे बऱ्याच अंशी खरी ठरली.

भाग पाडण्यासाठी दोन साधने वापरली. पहिले साधन आमचे वडील, ज्यांना घरात सगळे आण्णा म्हणतात. त्यांच्यासोबत बांधाच्या कडेने फिरताना नांगराला जमीन कुठे जड लागते, पाऊस उघडल्यावर वाफसा कुठे आधी येतो, कुठल्या कोपऱ्यात उन्हाळ्यात पांढरा थर धरतो हे सगळे त्यांनी न थांबता सांगितले. मधल्या भागात बाभळीजवळ एका जागी ते थांबले आणि म्हणाले, “इथली माती वेगळी भर. आपला जुना गोठा इथंच होता, तुझ्या लहानपणी मोडला.” ती जागा साधारण दहा गुंठ्यांची आहे आणि मला तिची काहीच आठवण नव्हती.

दुसरे साधन युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची मोफत मिळणारी छायाचित्रे. त्यांतून पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक, म्हणजे ज्याला एनडीव्हीआय म्हणतात तो, काढता येतो. या छायाचित्रातील एक ठिपका जमिनीवरच्या दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर जागेचा असतो आणि आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०१ चौरस मीटरांचा. ठिपका म्हणजे जवळजवळ गुंठाच, हे कळल्यावर त्या रंगीत चौकोनांकडे पाहण्याची माझी भीड चेपली, कारण गुंठ्यांत विचार करायची आम्हाला सवयच आहे. आधीच्या उसाच्या हंगामांतील सप्टेंबर-ऑक्टोबरची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली तेव्हा वरचा फिकट पट्टा दर वर्षी त्याच जागी दिसला, आणि आण्णांनी काठीने दाखवलेल्या सीमेपासून तो फार सरकलेला नव्हता. ढगांमुळे पावसाळ्यातील बरीच छायाचित्रे निरुपयोगी निघतात. तरीही जुनी वर्षे पाहायला मिळणे हा या साधनाचा खरा फायदा आहे. अखेर चार भाग ठरले: चारीकडचा मुरमाड ७० गुंठे, मधला काळा १०० गुंठे, जुन्या गोठ्याची जागा १० गुंठे आणि ओढ्याकडचा भारी ४० गुंठे. चारही भागांच्या कोपऱ्यांवर सिमेंटच्या खुणा पुरल्या.

नमुना घेण्याचे काम वाटते तितके किरकोळ नाही. प्रयोगशाळेत एका चाचणीसाठी एक-दोन ग्रॅम किंवा फार तर काही ग्रॅम माती वापरली जाते आणि तेवढ्या मातीने अडीच एकरांची साक्ष द्यायची असते. प्रत्येक भागात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणे निवडली. बांध, झाडाची सावली, विहिरीकडची ओल, उकिरड्याची जागा आणि पाटाची कड वगळली. प्रत्येक ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा सुमारे वीस सेंटिमीटर खोल खड्डा घेतला, त्यातील माती काढून टाकली आणि मग खड्ड्याच्या एका बाजूची, वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची कड खुरप्याने तासून घेतली. वरची माती जास्त आणि तळची कमी आली की अहवाल खऱ्यापेक्षा चांगला येतो, कारण कर्ब आणि अन्नद्रव्ये वरच्या थरातच साचलेली असतात. म्हणून ही सारखी जाडी महत्त्वाची. गोळा करायला प्लास्टिकची घमेली वापरली. जस्ताचा मुलामा दिलेल्या घमेल्यात माती कालवली तर तिच्यातील जस्ताचा आकडा विश्वासार्ह राहत नाही, आणि आमच्या भागात जस्त हाच नेमका संशयित घटक आहे. खत टाकल्यावर निदान दोन-तीन महिने जाऊ द्यावेत असे सांगितले जाते. सोयाबीनला खत पेरणीच्या वेळीच दिलेले असल्यामुळे तो प्रश्न नव्हता.

एका भागाची सगळी माती गोणपाटावर पसरून, ढेकळे फोडून, सावलीत वाळवली. नंतर तिचा गोल ढीग करून चार सारखे भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, उरलेले दोन पुन्हा एकत्र करायचे, आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हेच करत राहायचे. आण्णा हे बाजूला बसून पाहत होते. काढून टाकलेली माती मी परत शेतात नेऊन टाकतो आहे हे पाहिल्यावर त्यांनी एकदाच विचारले, “मग ती कमी प्रतीची होती का रे?” नव्हती, दोन्हींत फरक नसणे यावरच ही सगळी रीत उभी आहे, हे मी त्यांना सांगितले.

मधल्या भागाच्या नमुन्याच्या मी दोन पिशव्या केल्या आणि त्यांवर वेगवेगळे गट क्रमांक टाकून दोन्ही एकाच प्रयोगशाळेत दिल्या. हा आडमार्ग वाटेल, पण प्रयोगशाळेची पारख करण्याचा शेतकऱ्याच्या हातातील हा एकमेव स्वस्त उपाय आहे. ज्या खासगी प्रयोगशाळेत मी आधी गेलो, तिथून आलेल्या दोन अहवालांत एकाच मातीचे स्फुरद एकात कमी आणि दुसऱ्यात जास्त या वर्गात दाखवलेले होते. त्या अहवालांवर खर्च झालेले पैसे मी सोडून दिले आणि नमुने दुसरीकडे दिले. तिथले दोन आकडे थोड्या फरकाने जुळले. अहवाल हातात आल्यावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. काही प्रयोगशाळा स्फुरदाचा आकडा मूलद्रव्याच्या रूपात देतात, तर काही ऑक्साइडच्या रूपात. पहिल्याला २.२९ने गुणले की दुसरा मिळतो. पालाशासाठी हा गुणक १.२ आहे. मूलद्रव्याचे १६ किलो आणि ऑक्साइडचे १६ किलो हे एकच समजले तर वर्ग बदलतो आणि वर्ग बदलला की खताची मात्राही बदलते. स्फुरद कुठल्या पद्धतीने काढले हेही विचारून घ्यावे. आमच्यासारख्या विम्ल, चुनखडीयुक्त जमिनींसाठी ओल्सेनची पद्धत वापरतात, तर कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीसाठी ब्रे यांची.

अहवालांनी आमच्या एका गटाचे चार गट केले. वरच्या मुरमाड भागात सामू ७.९, सेंद्रिय कर्ब ०.३१ टक्के, हेक्टरी नत्र १५० किलो, स्फुरद ९ किलो, पालाश १९० किलो, मुक्त चुना १२ टक्के, जस्त ०.४२ आणि लोह ३.१ पीपीएम. मधल्या भागात कर्ब ०.५२, नत्र १९५, स्फुरद १६ आणि पालाश थेट ४१०. गोठ्याच्या जागी कर्ब एक टक्क्याच्या वर, नत्र मध्यम वर्गात, स्फुरद ४६ आणि पालाश जवळपास आठशे. गोठा मोडून इतकी वर्षे झाली तरी गुरांनी तिथे ठेवलेली शिल्लक संपलेली नव्हती. ओढ्याकडच्या भागाचा सामू ८.८ आणि विद्युत वाहकता १.३ डेसीसायमन प्रति मीटर होती. हा शेवटचा अहवाल वाचल्यावर खताच्या आकड्यांकडे मी पाहिलेच नाही, त्याचे कारण पुढे येईल.

महाराष्ट्रात या आकड्यांचे सहा वर्ग करतात. हेक्टरी नत्र १४० किलोच्या खाली असेल तर अत्यंत कमी, २८० पर्यंत कमी आणि ४२० पर्यंत मध्यम. स्फुरद ७ च्या खाली अत्यंत कमी, १४ पर्यंत कमी, २१ पर्यंत मध्यम आणि ३५ च्या वर अत्यंत जास्त. पालाश १५० ते २०० मध्यम आणि ३०० च्या पुढे अत्यंत जास्त. मध्यम वर्गाला कृषी विद्यापीठाची शिफारस जशीच्या तशी लागू करायची, कमी असेल तर ती पंचवीस टक्क्यांनी वाढवायची आणि अत्यंत जास्त असेल तर निम्म्यावर आणायची, असा सर्वसाधारण नियम आहे. याहून नेमका मार्ग म्हणजे अपेक्षित उत्पादनाची समीकरणे. त्यांत किती टन ऊस काढायचा आहे तो आकडा आणि मातीतील उपलब्ध अन्नद्रव्याचा आकडा घातला की खताची मात्रा थेट निघते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आपल्याकडील जमिनी व पिकांसाठी अशी समीकरणे दिलेली आहेत. समीकरणात उत्पादनाचा आकडा फुगवून घालण्याचा मोह होतो. मुरमाड जमिनीकडून एकरी शंभर टनांची अपेक्षा धरली तर समीकरण निमूटपणे तेवढे खत सांगते. मी पहिल्या वर्षी वर्गांच्या नियमानेच चाललो.

सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे, म्हणजे एकरी १००, ४६ आणि ४६. त्यावरून वरच्या भागाला एकरी १२५, ५७.५ आणि ४६ किलो. मधल्या भागाला १२५, ४६ आणि २३. गोठ्याच्या जागेला १००, २३ आणि २३ असे प्रमाण निघाले. आमची जुनी पद्धत होती एकरी सात गोण्या युरिया आणि तीन गोण्या १०:२६:२६ (नत्र, स्फुरद व पालाश या टक्केवारीत असलेले मिश्र खत), सगळीकडे सारखी. तिचा हिशेब केला तर एकरी १६० किलो नत्र, ३९ किलो स्फुरद आणि ३९ किलो पालाश होतो. म्हणजे नत्र सगळीकडेच जास्त, स्फुरद वरच्या भागाला फारच कमी आणि पालाश मधल्या भागाला गरजेपेक्षा अधिक जात होते. काळ्या जमिनीच्या मातीत पालाश भरपूर असते हे माहीत असूनही १०:२६:२६ ची गोणी आमच्या भागात उसाची ओळखच होऊन बसली आहे, आणि दुकानातही ती मागितल्याशिवाय पुढे येते. पालाश पूर्ण बंद करण्याच्या मात्र मी विरोधात आहे. ऊस नत्रापेक्षाही अधिक पालाश जमिनीतून उचलतो आणि त्यातला मोठा वाटा उसाच्या मोळीबरोबर कारखान्यात जातो. शिल्लक भरपूर आहे म्हणून ती न भरता खर्चत राहिलो तर कधीतरी तीही आटेल.

युरियाबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. एकरी सातऐवजी सहा गोण्या लागल्या, म्हणजे एक गोणी वाचली. पंचेचाळीस किलोच्या त्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे. एवढ्यासाठी कोण माती वाळवत बसेल, हा शेजाऱ्यांचा प्रश्न पैशांच्या बाजूने बिनतोड आहे. स्फुरद देणारे सिंगल सुपर फॉस्फेट वाढल्यामुळे वरच्या भागाचा खर्च तर उलट वाढला. खर्च कमी होईल या आशेने कोणी हे करणार असेल तर त्याने आधी आपला अहवाल पाहावा. खत कमी करण्यापेक्षा ते एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेणे हेच यात जास्त घडते.

आता हे वेगवेगळे प्रमाण सरीत प्रत्यक्ष कसे पडणार, हा खरा कामाचा भाग होता. खत टाकणाऱ्या बायांना एकरी किलोंचे आकडे सांगून उपयोग नसतो. त्यांना हातात माप लागते. सरी पाच फुटांची असल्यामुळे एका एकरात ८,७१२ फूट लांबीची सरी बसते. वरच्या भागाला स्फुरदासाठी एकरी सुमारे ३५९ किलो सुपर फॉस्फेट लागणार होते आणि त्यातले निम्मे लागणीला व निम्मे भरणीला (उसाच्या बुडाला मातीची भर देताना) द्यायचे होते. लागणीचा हिशेब शंभर फुटांना दोन किलोंच्या किंचित वर आला, मधल्या भागाचा एक किलो ६५० ग्रॅम. घरात रंगाचा एक रिकामा डबा होता. तो काट्यावर ठेवून, दोन किलो साठ ग्रॅम खत मावेल तिथे कडेने कापला आणि १,६५० ग्रॅमवर आतून खिळ्याने रेघ ओढली. प्रत्येक सरीवर शंभर-शंभर फुटांवर फांदीची खूण रोवली. मग सूचना एवढीच राहिली: वरच्या तुकड्यात काठोकाठ डबा, मधल्या तुकड्यात रेघेपर्यंत, एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत एकच डबा पुरवायचा. पहिल्या दोन-तीन सऱ्यांना खत खुणेच्या आधीच संपत होते किंवा उरत होते. पुढे हात बसला. दुपारपर्यंत त्यांच्यातली एक मावशी रेघेकडे न पाहता डबा भरत होती आणि मी काट्यावर तपासला तेव्हा फरक मूठभराचाही नव्हता.

जस्त आणि लोह यांचे खत त्या डब्यात मिसळले नाही. झिंक सल्फेट स्फुरदयुक्त खताबरोबर दिले तर जस्ताचे न विरघळणारे संयुग बनते, आणि फेरस सल्फेट चुनखडीच्या मातीत उघडे पडले की त्यातील लोह पिकाला घेता न येणाऱ्या रूपात जाते. म्हणून एकरी आठ किलो झिंक सल्फेट आणि दहा किलो फेरस सल्फेट चाळलेल्या शेणखतात मुरवत ठेवून, वेगळ्या फेरीने फक्त वरच्या भागात दिले. तरीही मे महिन्यात वरच्या कोपऱ्यातील उसावर केवडा दिसलाच. कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून मधूनमधून पांढुरकी पडली होती. तिथे फेरस सल्फेटच्या फवारण्या घ्याव्या लागल्या. मुक्त चुना बारा टक्के असलेल्या जमिनीत मातीतून दिलेल्या लोहावर विसंबता येत नाही, पानावाटेच द्यावे लागते, असा माझा निष्कर्ष आहे.

नत्राचे प्रमाण बदलण्यासाठी ठिबकचा आराखडा हलवावा लागला. जुने व्हॉल्व्ह पट्ट्याच्या लांबीने होते. एका व्हॉल्व्हवर मुरमाड, काळी आणि भारी अशी तिन्ही जमीन भिजत होती. उपमुख्य नळी आडवी फिरवून वरचा भाग एका व्हॉल्व्हवर, मधला दोन व्हॉल्व्हवर घेतला. नव्या नळ्या, सांधे आणि मजुरी धरून या सगळ्या उपद्व्यापात सर्वाधिक खर्च इथेच झाला. पण आमच्यासारख्यांच्या शेतात जागेगणिक मात्रा बदलणारे यंत्र कुठले असेल तर ते हेच: व्हॉल्व्ह जमिनीप्रमाणे पाडले की व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात विरघळलेले खत ओढून मिसळणाऱ्या नळीतून) प्रत्येक जमिनीला हवा तेवढा युरिया, हवा तेव्हा देता येतो. वरच्या आणि मधल्या भागांना वर्षभराचे नत्र सारखेच होते, तरी मुरमाड जमिनीत युरिया धरून ठेवायला कर्ब नाही म्हणून तिथे थोडा थोडा आणि वारंवार दिला, मधल्या भागाला हप्ते कमी ठेवले. पाणीही त्याच हिशेबाने वेगळे झाले.

ओढ्याकडच्या चाळीस गुंठ्यांना त्या वर्षी रासायनिक खताचा एक दाणाही दिला नाही आणि ऊसही लावला नाही. सामू ८.८ आल्यावर विनिमययुक्त सोडियमची वेगळी चाचणी करून घेतली. ते प्रमाण अठरा टक्के निघाले आणि पंधराच्या वर गेलेली जमीन चोपण धरतात. सोडियममुळे मातीचे कण विखुरतात, पाणी खाली उतरत नाही, मुळे गुदमरतात. अशा जागी खत वाढवणे म्हणजे पैसे ओढ्यात सोडणे. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावते, पण हुसकावलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेला नाही तर तो तिथेच राहतो. म्हणून आधी ओढ्याच्या दिशेने चर काढला, मग प्रयोगशाळेने काढून दिलेल्या गरजेच्या निम्मे जिप्सम मिसळले आणि पावसाळ्यात धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडला. रब्बीत तिथे गहू घेतला. ही जमीन सुधारायला दोन-तीन वर्षे घेणार आहे आणि या लेखात तिच्या उत्पादनाचा आकडा द्यावा असे अजून काही घडलेले नाही.

फरक पडला की नाही हे ठरवण्यासाठी वरच्या आणि मधल्या भागात काही सऱ्या मुद्दाम जुन्या मापाने, म्हणजे जुन्या १०:२६:२६ वरच ठेवल्या होत्या. ठिबकचा युरिया त्यांनाही तोच मिळत असल्यामुळे ही तुलना मुख्यतः स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची होती. तोडणीच्या आदल्या दिवशी दोन्ही प्रकारच्या सऱ्यांतून तेहेतीस-तेहेतीस फुटांचे तुकडे तोडून ताणकाट्यावर तोलले. वरच्या भागात जुन्या मापाचा ऊस एकरी ३२ टनांच्या हिशेबाने आला आणि नव्या मापाचा ३६. मधल्या भागात ४३ आणि ४४; एवढा फरक तर दोन शेजारच्या सऱ्यांतही असतो, त्यामुळे तिथे पालाश निम्मे करूनही काही बिघडले नाही एवढेच म्हणता येईल.

कारखान्याच्या काट्यावर दोन्ही भागांचे वजन वेगळे यावे ही इच्छा ऊसतोड टोळीच्या मुकादमाला पटवणे जास्त अवघड गेले. ट्रॉली भरली की निघाली हा त्यांचा धंदा. सीमेवर अर्धी ट्रॉली थांबवायची म्हणजे त्यांचे कोयते बसून राहणार. “भाऊ, ऊस तुमचाच, रान तुमचंच, मग त्याच्यात भेद कशाला करता?” असे तो म्हणाला आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच होते. शेवटी वरचा भाग सकाळी पूर्ण तोडून मोकळा करायचा, शेवटची ट्रॉली कमी भरलेली असली तरी तशीच पाठवायची आणि त्या कमी भरण्याचे पैसे मी वेगळे द्यायचे असे ठरले. वजनपावत्यांवरून वरच्या भागाची सरासरी एकरी ३५ टन आली. आधीच्या वर्षांत या भागाचे स्वतंत्र वजन कधी झालेच नव्हते, त्यामुळे मागच्या उसाशी तुलना करण्याचा प्रश्न नाही. शिवाय व्हॉल्व्ह बदलल्यामुळे पाण्याची वाटणीही सुधारली होती. वाढीचे सगळे श्रेय डब्याला देणे योग्य होणार नाही.

आता त्याच जागेवर खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेले पीक, आहे. पाचट जाळले नाही, सरीतच पसरून ठेवले आहे. वरच्या भागाचा कर्ब ०.३१ वरून हलवायचा असेल तर खताच्या कुठल्याही मापापेक्षा याचाच भरवसा जास्त. खोडव्याचे स्फुरद आणि पालाश विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे पहारीने छिद्रे घेऊन दोन हप्त्यांत देत आहोत, पहिला तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत आणि दुसरा १३५ दिवसांनी. छिद्रांसाठी नवे, लहान माप करावे लागले. गोठ्याच्या दहा गुंठ्यांना या वर्षी स्फुरद पूर्ण बंद ठेवले असून तिथे जुन्या मापाच्या दोन सऱ्या तुलनेसाठी सोडल्या आहेत. खोडवा निघाला की सिमेंटच्या त्याच खुणांमधून पुन्हा नमुने घेणार आहे, आणि या खेपेला वरच्या भागाचीही दुसरी पिशवी वेगळ्या गट क्रमांकाने जाईल.